मसाल्याचा रकाना

शिक्केवाल्या काकांचं बिस्कीट कपातच तुटलं आणि ‘डुबुक’ असा एवढासा आवाज झाला. पण बैठकीच्या खोलीत तेव्हा अशी काही शांतता पसरली होती, की सगळ्यांनी दचकून त्या कपाकडे पाहिलं.

“याला तुमचा मसाला घालायला हवा होता, नाना,” चमच्याने चहात बिस्कीट शोधत काका म्हणाले. “तुटलं नसतं.”

एरवी या विनोदावर घर खदखदून हसलं असतं. आज फक्त मिरी हसली, तीही टेबलाखालून. धाकटीने, म्हणजे घरातल्या धाकट्या सुनेने, पाय लांब करून लेकीला हळूच डिवचलं. मिरीने आईच्या पायाला गुदगुल्या केल्या.

काका मालाची कागदपत्रं कस्टममधून सोडवून आणणारे एजंट. त्यांना एकदा शिक्का मारायला मिळाला की जेवल्यासारखं समाधान होई, म्हणून हे नाव. घरात ते आले की काहीतरी निघालं किंवा काहीतरी अडकलं, हे ठरलेलं. आज अडकलं होतं. गव्हाच्या काडापासून केलेल्या बोर्डांचा कंटेनर समुद्रापलीकडच्या बंदरात उभा होता आणि तिकडचं कस्टम त्याला आत घ्यायला तयार नव्हतं.

“पुन्हा एकदा सांगा,” नाना म्हणाले. नाना म्हणजे या घराचे कर्ते आणि कारखान्याचे जनक. कारखाना म्हणजे अंगणापलीकडची शेड, तिच्यातला काड तापल्या तव्यांत दाबून बोर्ड करणारा एक प्रेस आणि मागे मसाल्याची खोली. त्या खोलीत नाना एकटे जात, दार लावून घेत, आणि थोड्या वेळाने बादली घेऊन बाहेर येत. बोर्ड जोडणाऱ्या त्या बादलीतल्या मसाल्यात काय असतं ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

काकांनी कप बाजूला ठेवला. “हे बघा. जगातल्या प्रत्येक वस्तूला कस्टमच्या पुस्तकात एक घर असतं. घराला नंबर असतो, त्याला आपण कोड म्हणतो. लाकडाच्या बोर्डांचं एक घर आहे. लाकूड नसलं तरी काड, बांबू, उसाचं चिपाड, असल्या लाकडासारख्या वनस्पतींचे बोर्डही तिथेच राहतात.”

“म्हणजे आपलं काड लाकडाच्या घरी नांदायला गेलं,” आत्याबाई म्हणाल्या. नानांची ही धाकटी बहीण. तिचं बोलणं मध्येच सुरू होई आणि तिच्या मनात येईल तेव्हाच थांबे.

“अगदी तसंच. पण बोर्ड चुन्याने, सिमेंटने, प्लास्टरने जोडलेला असला, की तो त्या घरचा राहत नाही. त्याची रवानगी सिमेंटच्या मालात. आपल्या कागदावर ‘बंधक’ असा रकाना आहे, म्हणजे काड कशाने चिकटवलंय ते. तिथे चुना लिहिलंय. तिकडच्या प्रयोगशाळेत बोर्ड फोडून पाहिला, तर चुन्याचा कणसुद्धा नाही. आता ते विचारतायत, खोटं का लिहिलंत? आज त्यांचं ऑफिस बंद व्हायच्या आत खरं काय ते लिहून पाठवायचं. नाहीतर कंटेनर माघारी.”

सगळ्यांच्या नजरा धाकट्याकडे वळल्या. धाकटा, म्हणजे नानांचा धाकटा मुलगा आणि धाकटीचा नवरा, पडद्याच्या झालरीशी खेळत होता.

“रकाना रिकामा सोडला की फॉर्म पुढेच सरकत नव्हता,” तो म्हणाला. “नाना सांगेनात. लहानपणी मी एकदा फटीतून पाहिलं होतं, बादली पांढरी होती. मला वाटलं, चुना.”

“ती रंगाऱ्याची बादली होती, गाढवा,” नाना म्हणाले. “शेडच्या भिंती रंगवल्या तेव्हाची.”

“वा रे पठ्ठ्या!” थोरल्यांनी, म्हणजे त्याच्या मोठ्या भावाने, कपाळाला हात लावला. “साऱ्या दुनियेला लोक चुना लावतात. यानं स्वतःच्याच कंटेनरला लावला.”

धाकटीला हसू आलं, पण ते तिने आवरलं. हा कंटेनर तिचा होता. पलीकडच्या देशात एक बालवाडी बांधत होते. तिथल्या आर्किटेक्टबाईंना वर्गाच्या भिंतींसाठी असे बोर्ड हवे होते, की ज्यांवर मुलांनी चित्रं टोचली तरी चालेल आणि ज्यांच्यात मुलांचा आरडाओरडा जिरेल. मिरी दुपारची झोपली की त्या तेवढ्या वेळात धाकटी त्या बाईंना पत्रं लिहायची. कधी अर्धं वाक्य लिहून होई, तोच पाळण्यातून हाक येई. पाळणा गेला, पलंग आला, मिरी बोलायला लागली, आणि मग कुठे ऑर्डर आली. ती आली तेव्हा थोरल्यांनी एक अट घातली होती आणि नानांनी मान हलवली होती. हा एक माल नीट पोहोचला तर प्रेस चालू राहील. परत आला तर प्रेस विकायचा आणि शेडमध्ये प्लायवूडचं दुकान टाकायचं. प्लायवूडवाल्याशी थोरल्यांची बोलणी पक्की होत आली होती.

आणि धाकटीचा त्या प्रेसवर जीव होता. या घरात ती आली तेव्हा कुणाशी काय बोलावं ते तिला सुचत नसे. प्रेसशी बोलावं लागत नसे. काड पसरायचं, तवे मिटायचे, वाफ निघेपर्यंत थांबायचं. मिरी तान्ही असताना काडाच्या ढिगाजवळ टोपलीत झोपायची आणि प्रेसची घरघर थांबली की रडायची.

“प्रयोगशाळेने नेमकं काय लिहिलंय?” तिने विचारलं.

काकांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. “गव्हाचं काड. थोडा ओलावा. बंधक: आढळला नाही.”

मग थोरल्यांनी मांडीवर थाप मारली. “बघितलंत? एवढी मोठी प्रयोगशाळा, एवढाली यंत्रं, आणि नानांचा मसाला काही सापडला नाही!”

“सापडेल कसा?” आत्याबाई म्हणाल्या. “जवसाची खळ आहे ती. काडात विरून जाते. मी साऱ्या बाजाराला सांगून ठेवलंय, माझ्या दादाच्या हातची खळ कुणाला ओळखता यायची नाही.”

“खळ नाही हो, डिंक,” धाकटीच्या जाऊबाई, म्हणजे थोरल्यांच्या पत्नी, म्हणाल्या. “खोलीतून कसा गोडसर वास येतो.”

“तो माझ्या गोळ्यांचा,” नाना पुटपुटले. “खोकल्याच्या.”

थोरले पुढे सरकले. हसणं संपलं होतं. “नाना, आता तरी सांगा. खळ असो, डिंक असो. काका लिहितील, विषय संपेल. मी थोरला. आज ना उद्या मला सांगावंच लागणार ना?”

“तुलाच का?” आत्याबाईंनी लगेच बाजू बदलली. सकाळपासून त्या प्लायवूडच्या बाजूने होत्या. “मी बहीण. हा धंदा सुरू झाला तेव्हा तू रांगत होतास.”

“अहो, आत्या बरोबर बोलतायत,” जाऊबाई म्हणाल्या. थोरल्यांनी बायकोकडे असं पाहिलं, की जणू घरातली खुर्चीच बोलली.

“मी कुणालाच सांगणार नाही,” नाना उठले. “येऊ दे कंटेनर परत.” आणि चपला सरकवत अंगणातून शेडकडे गेले.

मागे एकच गलका उडाला. धाकटी मात्र त्यात नव्हती. प्रयोगशाळेचा निकाल वाचला तेव्हा बाकीचे काकांकडे बघत होते, तिची नजर नानांवर होती. मसाला सापडला नाही म्हटल्यावर माणूस खूश व्हायला हवा, ऐटीत मिशीवर हात फिरवायला हवा. नानांच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. मिरीने गोळ्यांचा डबा रिकामा केला आणि आपण तो उघडला की तिचे कान असेच होतात.

तिने मिरीला कडेवर घेतलं आणि शेडमध्ये गेली. नाना प्रेसच्या गार तव्याला टेकून उभे होते.

“नाना,” ती म्हणाली, “तुम्हाला मसाला सांगायचा नाही, असं नाहीये ना?”

“मग कसं आहे, सूनबाई?”

“सांगायला काही नाहीये. असं आहे.”

नानांनी दाराकडे पाहिलं. मग मिरीकडे. मिरी आईच्या खांद्यावरून काडाच्या ढिगाकडे झेपावत होती. “सोड तिला,” ते म्हणाले. “खेळू दे.” मिरी ढिगात जाऊन पडली. नानांनी मोठा श्वास घेतला.

“अगं, काड तापलं, दाबलं, की त्याच्यातलाच चीक सुटतो. काड काडाला धरतं. फक्त ओलं हवं, नाहीतर जळतं. माझा पहिला बोर्ड झाला ना, मी बाजारात घेऊन गेलो. गिऱ्हाईक म्हणालं, यात घालता काय? मी आपला सरळ माणूस. म्हटलं, पाणी. त्यानं बोर्ड असा खाली ठेवला, जसं काही मी त्याला ओलं मांजर धरायला दिलं होतं. गेला निघून. दुसरा आला. त्यानंही तेच विचारलं. मला सुचेना. म्हटलं, ते सांगायचं नसतं. तर त्यानं डोळा मारला आणि होता नव्हता तेवढा माल उचलला.”

धाकटी हसायला लागली. तोंडावर हात ठेवला तरी हसू आवरेना.

“हस, हस,” नाना म्हणाले, पण त्यांच्याही मिशा हलल्या. “मग आत्याबाईंनी बाजारभर डंका पिटला. मग पोरं मोठी झाली, दोघं आपापसांत मसाल्यावरून भांडायला लागली. आता कुठल्या तोंडाने सांगू, की बाबांनो, तुम्ही नळाच्या पाण्यावरून भांडताय?”

“पण नाना, त्या कोडला मसाला लागतच नाही. काकांना मी आधीच विचारलं होतं. चिकटवायला काही असो वा नसो, वनस्पतीच्या बोर्डांचं घर तेच. आपलं खरं आहे तेच त्यांना हवंय.” ती जरा थांबली. “हवं तर काका, तुम्ही आणि मी, तिघांतच ठेवू. घरात कुणाला कळणार नाही.”

नानांनी प्रेसच्या तव्यावर बोट फिरवलं. “आणि प्रेस?”

“प्रेस राहील.”

“तुला हा प्रेस फार आवडतो, नाही?”

धाकटीने मान हलवली.

“चल,” नाना म्हणाले. “चोरून कशाला? माझंच घर आहे.”

बैठकीच्या खोलीत अजून खळ विरुद्ध डिंक चालूच होतं. नाना मधोमध उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, “पाणी.”

जाऊबाई लगबगीने उठून पाणी आणायला निघाल्या.

“प्यायला नको! मसाला पाणी आहे. नुसतं पाणी. दुसरं काही नाही आणि कधीच नव्हतं.”

थोरले टाळ्या वाजवत उठले.

“वा! नाना, मानलं तुम्हाला! पाणी म्हणे! प्रयोगशाळेला सापडलं नाही, तर आपणच नाही म्हणायचं! लिहा काका, पाणी लिहा. काय डोकं आहे म्हातारपणी!”

“अरे, खरंच पाणी आहे.”

“हो हो, अगदी खरं!” आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला, त्यांचे खांदे हलत होते. “दादा, तू पहिल्यापासूनच वस्ताद.”

“मला चेहऱ्यावरूनच कळलं, खोटं बोलताय ते,” जाऊबाई कौतुकाने म्हणाल्या.

नाना हतबुद्ध झाले. इतकी वर्षं खोटं बोलले तर घराने डोळे मिटून विश्वास ठेवला, आणि आज पहिल्यांदा खरं बोलले तर एकही जण मानायला तयार नाही. त्यांनी धाकटीकडे असं पाहिलं, जसं बाजारात हात सुटलेलं पोर आईला शोधतं.

“भाऊजी,” धाकटी थोरल्यांना म्हणाली, “तुम्हीच करून बघा ना.”

“काय?”

“बोर्ड. अंगणातल्या नळावर बादली तुम्ही भरा, तुमच्या हाताने. नाना शेडच्या बाहेर उभे राहतील.”

थोरल्यांनी प्रेसला हात लावून किती काळ लोटला होता, ते त्यांचं त्यांनाही आठवत नसावं. पण सगळ्यांसमोर माघार कशी घेणार? वरात अंगणात निघाली. थोरल्यांनी नळ सोडला. आत्याबाईंनी बादलीत बोट बुडवून चाखलं, जरा विचार केला, पुन्हा चाखलं आणि म्हणाल्या, “पाणीच आहे मेलं.” धाकट्याने तवे तापवले. थोरल्यांनी बारीक केलेल्या काडावर हाताने पाणी शिंपडलं. पहिल्यांदा जास्त पडलं तेव्हा दाराबाहेरून नाना ओरडले, “अरे, आंघोळ घालतोयस का त्याला?” मग जमलं. काड साच्यात पसरलं, तवे मिटले, कडांमधून वाफ फुसफुसली आणि शेडभर भाजल्यासारखा खमंग वास सुटला. मिरी धाकट्याच्या खांद्यावर बसून “झालं का? झालं का?” करत होती.

तवे उघडले. थोरल्यांनी हातमोजे घालून बोर्ड बाहेर काढला, उभा धरला, बोटाच्या पेराने ठोकला. आवाज टणक आला. तरी समाधान झालं नाही, म्हणून तो दोन विटांवर आडवा टाकून धाकट्याला त्याच्यावर उभं केलं. मग मिरीसकट उड्या मारायला लावल्या. बोर्ड हूं की चूं करेना.

थोरले काडाच्या ढिगावर बसले. “म्हणजे मी इतकी वर्षं रुसलो,” ते म्हणाले, “ते पाण्यासाठी?”

“तुम्ही रुसला होतात?” जाऊबाईंनी विचारलं.

“नाहीतर प्लायवूडचं खूळ माझ्या डोक्यात आलं कुठून? मला वाटायचं, नानांनी मसाला धाकट्याला सांगितला. म्हटलं, राहू दे तुमचा मसाला. माझं मी बघतो.”

“मला?” धाकटा बोर्डावर उभा राहूनच ओरडला. “अरे दादा, मी चुना लिहून आलो!”

आधी जाऊबाईंना हसू फुटलं, मग आत्याबाईंना, मग थोरल्यांना. ते इतके हसले की त्यांना काडातून उठता येईना आणि नानांनी पुढे होऊन हात दिला. हात दिला तो सोडलाच नाही. “तुला सांगायचं राहून गेलं रे,” एवढंच ते म्हणाले. थोरल्यांनी पँटवर चिकटलेलं काड झाडायच्या निमित्ताने मान खाली घातली.

“मंडळी,” दारातून शिक्केवाले काका म्हणाले, “तिकडचं ऑफिस बंद व्हायच्या बेतात आहे. काय लिहू?”

“लिहा, बंधक नाही,” धाकटी म्हणाली. “काड, पाणी, उष्णता आणि दाब.”

“‘नाही’ असं नको बाई,” आत्याबाई कळवळल्या. “कसं भिकाऱ्यासारखं वाटतं. जरा बरं काही लिहा.”

“मग असं लिहितो,” काका म्हणाले, “‘बाहेरचं काही घातलेलं नाही.’”

“हे ठीक आहे,” नाना म्हणाले. धाकट्याने चुन्याची चूक कबूल केल्याचं खाली लिहिलं, नानांनी सही केली, आणि काकांनी शिक्का असा दणकन मारला की टेबलावरच्या कपबशा खणखणल्या.

दिवेलागणीच्या सुमारास काकांचा फोन आला. घर मिळालं होतं. काड लाकडाच्याच घरी राहणार होतं, कंटेनर सुटला होता. थोरल्यांनी कुणी न सांगताच दुसऱ्या खोलीत जाऊन प्लायवूडवाल्याला फोन लावला. भिंतीपलीकडून ऐकू येत होतं, “अहो, आमच्या प्रेसचं जरा वेगळं ठरलंय. शेड नाही मोकळी होत.” बैठकीच्या खोलीत आत्याबाई बाजाराला काय सांगायचं त्याची तालीम करत होत्या: “परदेशातल्या लॅबलासुद्धा सापडला नाही हो! मग तुम्हाला काय सापडणार?” आणि यात एक अक्षर खोटं नाही, असं पुढे स्वतःलाच बजावत होत्या. धाकटा बायकोजवळ येऊन उभा राहिला. “रागावलीस?” त्याने विचारलं. “पुढच्या वेळी रकाना मी भरते,” ती म्हणाली, आणि त्याच्या केसांतलं काड काढून त्याच्याच हातात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी मिरीची वेणी घालत पायरीवर बसली होती. समोरच्या शेडमध्ये थोरले तवे पुसत होते. आपणच प्रेसचे जुने मालक असल्यासारखे धाकट्याला हुकूम सोडत होते, आणि धाकटा ते मजेत ऐकत होता. नाना अंगणात आले. नळावर बादली भरली, सगळ्यांच्या देखत. बादली घेऊन ते मागच्या खोलीकडे गेले, आत शिरले, आणि दार लावून घेतलं. कडी सरकल्याचं इथपर्यंत ऐकू आलं. शेडमधल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, गालातल्या गालात हसले आणि पुन्हा कामाला लागले.

मिरीने वेणी हातातून सोडवून मान वळवली.

“आई, आता सगळ्यांना माहीत आहे ना, की ते पाणीच आहे?”

“हो गं राणी.”

“मग आजोबा दार का लावतात?”